निळ्याला नावं ठेवताना

जुन्या टॉवेलवर ओतलेल्या पंधरावीस दगडांत एकच निळा होता आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच गेलं. बाकीचे बिचारे तपकिरी, करडे, पिवळट, दोनतीन पट्टेवाले अगेट, एक बऱ्यापैकी लाल जास्पर, महिनाभर सगळ्यांनी सारखाच मार खाल्लेला, पण मुलीने उचलला तो निळाच, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला आणि विचारलं, बाबा, हा कुठला?

झाली का पंचाईत.

दगड घासून चकचकीत करणाऱ्या माणसाला दगडातलं सगळं कळतं असा घरच्यांचा समज आहे, आणि तो मी आजवर मोडलेला नाही. खरं सांगायचं तर टम्बलिंगला, म्हणजे फिरत्या बरणीत दगड घासायला, अक्कल फार लागत नाही, चिकाटी लागते. रबराची बरणी, तिच्यात दोनतृतीयांश दगड, दगडांच्या जरा खालपर्यंत पाणी, चमचाभर ग्रिट म्हणजे घासायची खरखरीत पूड, झाकण घट्ट, आणि मोटर चालू. मग आठवडाभर घरात कोणीतरी अखंड खडे चघळतंय असा आवाज. पहिल्या आठवड्यात ६०-९० नंबरची जाडी ग्रिट, मग १२०-२२०, मग ५००, आणि शेवटी पॉलिश म्हणून अॅल्युमिनियम ऑक्साइडची पिठासारखी पूड. प्रत्येक टप्प्यानंतर दगड, बरणी, झाकण, सगळं धुवायचं आणि धुवायचं म्हणजे खरंच धुवायचं, कारण जाड्या ग्रिटचा एक कण जरी पॉलिशमध्ये गेला तरी महिन्याची मेहनत ओरखड्यांत जाते. आणि तो राखाडी चिखल सिंकमध्ये ओतायचा नाही, पाइपात सिमेंटसारखा बसतो. एकदा ओतलाय मी. त्यावर जास्त बोलत नाही.

इथे टाकीच्या घावांची ती म्हण आणायचा मोह होतोय, पण टम्बलरमध्ये टाकी नसते आणि देवही घडत नाही. दगडच एकमेकांना घासतात, आपण फक्त विजेचं बिल भरतो.

तर निळा दगड. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात फक्त एका अनुस्वाराचं अंतर आहे, आणि त्या संध्याकाळी आमच्याकडे दोन्ही चालू होतं. मी लगेच म्हटलं, लापिस लाझुली. म्हणायला भारी वाटतं म्हणून म्हटलं, दुसरं काही कारण नव्हतं. आपल्याकडे त्यालाच लाजवर्द म्हणायचे, संस्कृतात राजावर्त. अफगाणिस्तानात बदख्शान भागातल्या सर-ए-संगच्या खाणीतून हा दगड हजारो वर्षं निघतोय, इजिप्तच्या तुतनखामून राजाच्या सोन्याच्या मुखवट्यात डोळ्यांभोवती आणि भुवयांना तोच बसवलाय, आणि युरोपातले चित्रकार त्याचीच पूड करून अल्ट्रामरीन रंग करायचे, अल्ट्रामरीन म्हणजे समुद्रापलीकडून आलेला. गंमत म्हणजे त्याचा निळेपणा गंधकामुळे असतो, तीन तीन अणूंचे गट करून बसलेलं गंधक, एरवी पिवळंधम्मक असणारं. हे सगळं मी मुलीला सांगितलं, छान रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग याच्यात ते सोनेरी ठिपके कुठेत?

सोनेरी ठिपके म्हणजे पायराइट. लापिसमध्ये ते बहुतेक वेळा असतात, प्राचीन रोमन लेखक प्लिनीनेही सॅफिरस नावाच्या दगडात सोन्यासारखे ठिपके चमकतात असं लिहून ठेवलंय. म्हणजे तेव्हा सॅफिरस म्हणायचे ते आजचा नीलम नव्हे, हाच लाजवर्द. नाव एकाचं, चिकटलं दुसऱ्याला. आमच्या दगडात मात्र ठिपका नाही. दोनचार फिकट पांढुरक्या वळणदार रेघा आणि बाकी सगळा गडद निळा.

मग सोडालाइट? त्यात पांढऱ्या शिरा असतात, पायराइट सहसा नसतं, आणि लापिस म्हणून खपवला जाणारा दगड बऱ्याचदा हाच असतो. की ड्युमॉर्टिएराइट? अॅझुराइट तर नाहीच, तो १० पैकी ३.५ ते ४ कडकपणाचा, म्हणजे मऊच, अगेटच्या संगतीत महिनाभर टिकलाच नसता, निळा चिखल होऊन वाहून गेला असता. कायनाइट? त्याची तऱ्हाच वेगळी, लांबीच्या दिशेने ओरखडा काढला तर मऊ आणि आडवा काढला तर कडक, एकाच दगडात दोन स्वभाव, पण तो पात्यासारखा चपटा चपटा फुटतो आणि टम्बलरमध्ये त्याची धडगत नसते. की कोणीतरी रंगवलेला हाउलाइट, मुळात पांढरा असणारा? कापसावर अॅसिटोन घेऊन चोळलं, कापूस पांढराच राहिला, रंग सुटला नाही. तेवढं तरी बरं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी महिनाभर काय केलंय. दगड ओळखायच्या ज्या ज्या खुणा असतात त्या सगळ्या मी स्वतःच्या हाताने, पैसे खर्च करून पुसून टाकल्यात. वरची साल गेली. स्फटिकाची कड असलीच तर ती गेली. फुटलेला भाग कसा दिसतो, पायऱ्यापायऱ्यांनी फुटलाय की शिंपल्यासारख्या गोल लहरी आहेत, हे बघितलं की अर्धं काम होतं, ती फूट घासून गुळगुळीत झाली. सोबत कुठला खडक चिकटलेला होता तोही गेला. आणि पहिला प्रश्न जो कुठलाही जाणकार विचारतो, मिळाला कुठे, त्याचं उत्तर मी लिहूनच ठेवलेलं नव्हतं, खड्यांच्या डब्यात कधीतरी येऊन पडला एवढंच. गुन्ह्याची जागा आधी झाडून पुसून लख्ख करायची आणि मग तपासाला बसायचं, तसला प्रकार.

आता चाचण्या असतात की, पण त्यातल्या चांगल्या चाचण्या दगडाला दुखावतात. फ्रीडरिख मोस या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये कडकपणाची १० पायऱ्यांची शिडी बांधली, तळाला टाल्क, वर हिरा, मध्ये ७ वर क्वार्ट्झ, आणि नियम एवढाच की वरचा खालच्यावर ओरखडा काढतो. दगडापेक्षा वीट मऊ हे आपल्याला आधीपासून माहीत होतं, मोसने त्याला नंबर दिले. पण ओरखडा काढायचा कुठे? चार आठवडे घासून आरशासारख्या केलेल्या पाठीवर? मी सुरी हातात घेतली, दगड दुसऱ्या हातात घेतला, आणि परत दोन्ही खाली ठेवलं. शिवाय सुरीचं पोलाद ५.५ च्या आसपास, सोडालाइट ५.५ ते ६, साधी काच ५.५, म्हणजे पाठ खराब करूनही उत्तर आलं असतं ते कदाचित असंच.

दुसरी चाचणी रेघेची. ग्लेझ नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर दगड घासायचा आणि उमटलेल्या रेघेचा रंग बघायचा, कारण दगडाचा वरचा रंग फसवतो, पुडीचा कमी फसवतो. काळाकुट्ट दिसणारा हेमटाइट लालसर तपकिरी रेघ देतो, लापिसची फिकट निळी, सोडालाइटची पांढरी. सोनाराची कसोटी म्हणजे तरी दुसरं काय, काळ्या दगडावर सोन्याची रेघ. माणूस कसाला लागतो म्हणतो आपण, ते तिथूनच आलं. पण कसाला लागायचं म्हणजे थोडं झिजायचं, आणि तेवढंही झिजवायची माझी तयारी नव्हती. बायको म्हणाली, महिनाभर ग्रिटमध्ये घातलास तेव्हा नाही वाटलं काही, आता एका रेघेने जीव जातोय का? मुद्दा बरोबर होता म्हणून मी उत्तर दिलं नाही.

उरला आर्किमिडीज. त्याच्या पद्धतीत दगड पाण्यात तोलून घनता काढायची, दगडाला फक्त आंघोळ घडते. छोट्या डिजिटल काट्यावर आधी दगड कोरडा तोलला, २१.३ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला आणि दगड दोऱ्याने पाण्यात सोडला. पहिल्या खेपेला तो तळाला टेकला आणि घनता बरोब्बर १ आली, म्हणजे आमचा दगड पाण्याइतकाच हलका. मुलगी हसून हसून बेजार. दोरा वर धरून, टेकू न देता, हात न हलवता पुन्हा केलं तेव्हा काटा ८.५ वर थांबला, म्हणजे दगडाने बाजूला सारलेलं पाणी ८.५ ग्रॅम. २१.३ भागिले ८.५, साधारण २.५.

हा आकडा मला आवडला नाही. सोडालाइट २.३ च्या आसपास असतो, म्हणजे तो नाही. लापिस २.७ च्या पुढे, तोही नाही. क्वार्ट्झ २.६५, अगेट त्याच्या किंचित खाली. आमच्या काट्याची चूक धरली तरी या कशातच २.५ नीट बसत नव्हता. कागदावर दोनदा भागाकार केला. मग तिसऱ्यांदा केला, जणू भागाकाराला दया येईल.

एवढं होईपर्यंत माझ्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट टॉवेलवरच पडलेली होती. बरणीत घालताना हा दगड शेजारच्या अगेटएवढा होता, माझ्याकडे आधीचा फोटो आहे, आणि आता तो त्याच्या अर्धा उरलाय. अगेट जवळजवळ तेवढाच. वर या निळ्याच्या कडांवर बारीक बारीक चंद्रकोरीसारखे वळ, नखाने दाबल्यासारखे, आणि तिथली चमक मेलेली. म्हणजे ज्या ओरखड्याच्या चाचणीला मी घाबरत होतो ती बरणीत चार आठवडे, रात्रंदिवस, चालूच होती. कडक दगडांत मऊ दगड घातला की असंच होतं, म्हणून सारख्या कडकपणाचे दगड एकत्र घालायचे असतात, पहिलाच नियम आहे तो, आणि मी तो दर वेळी मोडतो कारण बरणी भरायला दगड कमी पडतात.

हे ग्रिट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, त्याचीही गोष्ट नावाचीच आहे. १८९० च्या सुमारास एडवर्ड अॅचिसन नावाचा अमेरिकन गृहस्थ भट्टीत कृत्रिम हिरे करायला गेला, हिरे झाले नाहीत, चमकदार भयंकर कडक स्फटिक मिळाले. त्याला वाटलं हे कार्बन आणि कोरंडम नावाच्या कडक खनिजाचं काहीतरी मिश्रण आहे, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. कोरंडमचा त्यात संबंधच नव्हता, होतं ते सिलिकॉन. नाव राहिलं. ज्याने ती भट्टीत तयार केली त्यालाच वस्तू ओळखता आली नाही, तिथे मी कोण लागून गेलो, असं मी घरात मोठ्याने म्हणूनही दाखवलं.

शेवटी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं. दगडाच्या एका बाजूला सातआठ खड्डे होते, टाचणीच्या टोकाएवढे, ते मला पहिल्या आठवड्यापासून डाचत होते आणि मी त्यांना टम्बलिंगमधली कच्चाई समजत होतो. भिंगातून बघितलं तर खड्डे नुसते खड्डे नव्हते, वाटीसारखे गोल होते, कंपासने काढल्यासारखे गोल. खनिजाच्या पोटात कपारी असतात, चिरा असतात, सुया असतात, पण असं साबणाच्या फेसासारखं गोल सहसा काही नसतं. मागून मोबाइलचा टॉर्च लावला. दगड आतून पेटल्यासारखा निळा झाला, कडेला शाईसारखा आणि मध्ये जरा फिका, आणि त्या निळ्यात, रेघांच्या वळणावळणाने, बारीक गोल बुडबुडे ओळीने थांबलेले. कधीतरी काच वितळलेली असताना वर निघाले होते, थंडी आधी पोचली.

साधी काच, घनता २.५, कडकपणा ५.५. जाड तुकडा, बहुधा कोबाल्टने निळा केलेला. सगळे आकडे आता असे निमूटपणे बसले की मला त्यांचा रागच आला.

मुलीला नाव पाहिजे होतं, ते मिळालं, ती खूश. तिच्या मते काच तर काच, आणि सोनेरी ठिपक्यांपेक्षा बुडबुडे भारी. मी आपला माझी टम्बलिंगची वही काढली, प्रत्येक बॅचचं त्यात लिहितो, तारीख, ग्रिट, काय बिघडलं. पहिल्या आठवड्याच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं, निळा, खड्डे जात नाहीत, जाड्या ग्रिटमध्ये आणखी एक आठवडा. आणि त्याखाली पुढच्या आठवड्याचं, निळा, जुने खड्डे गेले, नवीन आले, कमाल आहे.

कसे जाणार, एक बुडबुडा घासून संपवला की खालचा उघडा पडणार. पेन शोधून आणेपर्यंत मुलीने तिच्या स्केचपेनने त्या कमाल आहेच्या पुढे एक छोटा गोल काढून ठेवला होता.