माझ्यावर राज्य का येत नाही?

दर मे महिन्यात मला एक प्रश्न येतोच. सोसायटीत, फिजिओथेरपीच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत. "लेकीला व्हीलचेअरवर घेऊन सुट्टीत कसं जमवता हो तुम्ही? तिला मजा घेता येते का?" विचारणारी पुष्कळदा एखादी आईच असते, मांडीवर आमच्या लेकीसारखंच मूल असलेली. तुम्ही विचारलंत म्हणून, आणि विशेषतः त्या आईसाठी, जरा सविस्तर सांगते.

आमची लेक अकरा वर्षांची आहे. आठव्या महिन्यात जन्मली, सेरेब्रल पाल्सी आहे. हात छान चालतात, पण पायांचे स्नायू कायम ताठ. घरात रांगते, बाहेर व्हीलचेअर. माझं सासर अलिबागजवळ नागावला. नारळी-पोफळीची वाडी, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, आणि जवळच समुद्र. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी थेट आत घालता येते आणि तासाभरात अलिबागच्या बाजूचं मांडवा बंदर. ही बोट 2020 मध्ये सुरू झाली, त्याआधी तिला कडेवर घेऊन लाँचमध्ये चढताना आम्हा दोघांचा जीव मुठीत असायचा.

समुद्राचं आधी सांगते, कारण त्याबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. कोरड्या वाळूत व्हीलचेअर चालत नाही. पुढची लहान चाकं लगेच रुततात. म्हणून खुर्ची उलटी फिरवायची, किंचित मागे कलती करून मोठ्या चाकांवर ओढत न्यायची. त्यामुळे आमची लेक समुद्रावर जाते ती समुद्राकडे पाठ करून. आधी आवाज, मग वारा, आणि ओल्या वाळूवर पोहोचलो की बाबा खुर्ची वळवतो. तो क्षण तिला इतका आवडतो की आता ती वाटेत डोळेही मिटून घेते.

ओली वाळू मात्र टणक असते, तिच्यावर खुर्ची सरळ धावते. तेव्हा जायचं ते ओहोटीला. माझ्या सासऱ्यांनी कोळ्यांचं गणित शिकवलं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. पुनवेला किंवा अवसेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, ओहोटी. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाणी खूप आत हटतं आणि टणक वाळूचं मैदानच मोकळं होतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाणी फारसं हटत नाही. म्हणून आम्ही रजा तिथी बघून टाकतो. "अवसेला कशाला निघता?" असं नातेवाईक म्हणतात. आम्हाला अवसच सोयीची.

मे महिन्यात समुद्राचं पाणी कोमट असतं. तिला मांडीवर घेऊन बाबा काठाला बसतो आणि दहा-पंधरा मिनिटांत तिचे पाय सैल पडलेले हाताला कळतात. विहिरीच्या गार पाण्याने उलट होतं, पाय गच्च आवळतात, म्हणून वाडीतल्या आंघोळीला तिच्यासाठी दोन बादल्या उन्हात ठेवतो. परतल्यावर खुर्ची गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, बेअरिंगला तेल द्यायचं. एका वर्षी आळस केला आणि जूनमध्ये चाकं जाम झाली. खुर्ची उन्हातही सोडू नका, धातूच्या दांड्या चटका बसेल इतक्या तापतात.

पण हे सगळं सोयीचं झालं. मजेचं मला फार उशिरा कळलं, आणि तेही तिच्यामुळे.

सुट्टीत नागावला सात-आठ पोरं जमतात. तिन्हीसांजेला डबा ऐसपैस रंगतो. सगळी तिला आनंदाने खेळायला घेत. कुणीतरी खुर्ची ढकलायचं, कुणीतरी तिच्यासोबत लपायचं, आणि ती सापडली तरी पुढे खेळ चालूच. मला भरून यायचं. किती गुणी पोरं, असं मी जावेला म्हणायचे. लेक आठ वर्षांची असताना एका रात्री पांघरुणात शिरून तिने विचारलं, "आई, माझ्यावर राज्य का येत नाही?"

मला उत्तर सुचेना. लहानपणी आम्हीही धाकट्या भावंडांना कच्चं लिंबू म्हणून खेळायला घ्यायचो. खेळात आहेस, पण मोजत नाही. मूल चार-पाच वर्षांचं होईतो ते चालतं, मग एक दिवस ते लिंबू पिकतं. हिला आम्ही सगळ्यांनी मिळून कायमचं कच्चं ठेवलं होतं.

सकाळी मी मोठ्या पुतण्याला सांगितलं. तेरा वर्षांचा होता तो. त्याने विचार केला आणि नियम काढला: संध्याकाळपासून डबा ऐसपैस रांगत. उभं राहील तो बाद. हद्द म्हणजे अंगण, पडवी आणि पोफळींची पहिली रांग. पोरांचे गुडघे दहा मिनिटांत सोलवटले. हिला रांगायची रोजची सवय, कोपरांवर भार देऊन सरसर जाते ती. पहिल्या दिवशी तिने तीनदा डबा उडवला.

दुसऱ्या दिवशी चकताना तिच्यावर राज्य आलं. तिने दोघांना पकडलं आणि तिसऱ्याने मागून येऊन डबा उडवला. पुन्हा राज्य. पुन्हा उडवला. तिसऱ्यांदा ती रडायला लागली. मी ओटीवरून उठलेच होते, सासूबाईंनी पदर धरला. "बस गं तू." पुतण्या म्हणाला, "रडलीस तरी राज्य तुझंच आहे." तिने नाक पुसलं, डबा जागेवर ठेवला आणि आकडे म्हणायला लागली. त्या रात्री कोपरांना खोबरेल लावताना ती कितीतरी वेळ पुतण्याच्या नावाने बोटं मोडत होती. इतकी खूश मी तिला क्वचित पाहिली आहे.

सगळं जमतं असं मात्र नाही. डोंगरावरच्या कनकेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या चढायला बाकीचे जातात तेव्हा आम्ही दोघी घरी असतो, आणि तिला वाईट वाटतं. ते वाटू देते. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी घोडागाडीने गेलो, आत बाबाच्या पाठीवर. एका रिसॉर्टने "सगळं तळमजल्यावर आहे" असं फोनवर सांगितलं होतं, पण न्हाणीघराचं दार खुर्चीहून दोन इंच अरुंद निघालं. तेव्हापासून मी दाराला टेप लावलेला फोटो मागवल्याशिवाय पैसे भरत नाही. तुम्हीही मागवा, लाजू नका.

यंदाच्या रजेचं बोलणं चाललं होतं. तिने स्वतः भिंतीवरून कॅलेंडर मागून घेतलं, पुनवेवर बोट ठेवलं आणि पुटपुटत पाऊणपट केली. "म्हणजे साडेपाचला ओहोटी. साडेचारला वाळूवर जायचं, अंधार पडायच्या आत परत." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि दादाला फोन कर. गेल्या वर्षी शेवटचं राज्य त्याच्यावर होतं, तो विसरला असेल."