आडवेंटडालेनमध्ये सहा दिवस: गोठलेल्या जमिनीचा ताप मोजताना

उत्तर ध्रुवाकडच्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या लाँगइयरब्येन गावी उतरलो तेव्हा ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. तारीख मुद्दामच निवडलेली. स्वालबार्डची जमीन वर्षभरात सर्वांत खोलवर वितळते ती ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जुलैत गेलात तर उजेड भरपूर मिळेल, पण वितळण्याची खोली अर्धवटच हाती लागेल.

जाण्याआधी एक गोष्ट पक्की करा. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाट ऑस्लोवरून जाते आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. म्हणजे परतताना तुम्ही शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा शिरता. शेंगेन व्हिसा दोन प्रवेशांचाच काढा.

आमचं काम गावापासून पुढे, आडवेंटडालेनच्या दरीत. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंश किंवा त्याखाली राहणारी जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. तिच्यावर दर उन्हाळ्यात वितळून पुन्हा गोठणारा थर असतो, त्याला सक्रिय थर म्हणतात. याच दरीत 100 बाय 100 मीटरच्या चौकटीत, दहा-दहा मीटरवरच्या 121 बिंदूंवर या थराची खोली 2000 सालापासून मोजली जाते. वर यान्सनहाउगेनच्या टेकडीवर 1998 साली खोदलेलं 102 मीटर खोल बोअरहोल आहे. जमिनीचं तापमान मोजणारे सेन्सर नळीतून खाली सोडलेली आमची भोकं त्या मानाने फारच उथळ, पण जबाबदारी तीच.

खोली मोजायचं साधन म्हणजे टोकदार लोखंडी कांब. भातखाचरात पाय रुतावा तशी ती आधी सरसर आत जाते आणि मग एकदम अडते. अडली की लगेच आकडा लिहू नका. दगडाला लागली तर हाताला झिणझिण्या येतात आणि खणखणीत आवाज होतो. गोठलेल्या मातीला लागली तर आवाज दबका येतो, कांब किंचित चिकटल्यासारखी वाटते. शंका आली तर वीतभर बाजूला पुन्हा टोचा. मला हा फरक कळायला अख्खी एक दुपार लागली. आमच्या रांगेत बहुतेक ठिकाणी खोली मीटरच्या आसपास भरली. गमबूट न्याच; नुसते ट्रेकिंगचे बूट तासाभरात आतून ओले होतात.

माझं खरं म्हणणं आहे ते सेन्सरबद्दल. लॉगरमधून, म्हणजे सेन्सरचे आकडे साठवणाऱ्या यंत्रातून, वर्षभराचा डेटा उतरवायला दहा मिनिटं लागतात, पण तो विश्वास ठेवण्याजोगा करण्याचं काम त्यानंतर सुरू होतं. 2007 ते 2016 या काळात जगभरातला पर्माफ्रॉस्ट सरासरी 0.29 अंशांनी तापला. आता तुमचा सेन्सरच 0.2 अंशाने चुकत असेल, तर तुम्ही जमीन मोजली की सेन्सरची चूक?

म्हणून आम्ही सेन्सरची माळ नळीतून वर ओढली आणि मुक्कामाच्या स्वयंपाकघरात शून्याची चाचणी घेतली. डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ टॉवेलात गुंडाळून बारीक कुटला, मोठ्या थर्मासमध्ये गच्च भरला आणि फटी भरतील एवढंच गार डिस्टिल्ड पाणी ओतलं. बर्फ तरंगायला लागला तर पाणी जास्त झालं समजा. सेन्सर मधोमध, तळाला न टेकता. अर्धा तास थांबलो, अधूनमधून ढवळत राहिलो. चारपैकी तीन सेन्सर शून्याच्या 0.03 अंशाच्या आत होते. 30 सेंटिमीटरवरचा मात्र 0.18 दाखवत होता.

हा सेन्सर बिघडला कधी? याचं उत्तर जमिनीनेच दिलं. शरद ऋतूत ओली माती गोठायला लागते तेव्हा पाण्याचं बर्फ होताना उष्णता बाहेर पडते आणि ती संपेपर्यंत मातीचं तापमान कित्येक दिवस, कधी आठवडे, शून्यापाशीच अडून राहतं. आलेखात ही आडवी रेघ स्पष्ट दिसते. आम्ही जुन्या फायली उघडल्या. तीन वर्षांपूर्वी ती रेघ 0.02 वर होती, पुढच्या वर्षी 0.09 वर, मागच्या शरदात 0.17 वर. सेन्सर हळूहळू सरकत गेला होता. तेवढी दुरुस्ती आता त्या-त्या वर्षाला लावता येते. मात्र माती खारी असेल तर ती शून्याच्या खाली गोठते. समुद्राजवळच्या जागेवर ही युक्ती डोळे झाकून वापरू नका.

दुसरी चूक माझ्याच हातून झालेली. आदल्या फेरीत लॉगरचं घड्याळ लॅपटॉपवरून लागलं आणि लॅपटॉप भारतीय वेळेवर होता. स्थानिक उन्हाळी वेळेशी साडेतीन तासांचा फरक! ते शोधण्यात एक संध्याकाळ गेली. सगळं यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवा आणि वहीत पेन्सिलीने लिहा. थंडीत बॉलपेन चालत नाही. बॅटऱ्या लिथियमच्या घ्या. लॉगरच्या पेटीतली सिलिका जेलची पाकिटं दर वर्षी बदला. केबल जमिनीवर उघडी सोडू नका, कोल्हे कुरतडतात. आणि भोकाभोवती उगाच फिरू नका. तुडवलेली वनस्पती आणि दाबलेला बर्फ, दोन्हींमुळे खालचं तापमान बदलतं.

वस्तीबाहेर पांढऱ्या अस्वलाला पिटाळण्याचं साधन जवळ असणं बंधनकारक आहे. अस्वलापासून किमान 300 मीटर आणि 1 मार्च ते 30 जूनमध्ये 500 मीटर अंतर राखायचं. आमच्यात एकजण फक्त पहाऱ्यावर होता, त्याच्या हातात दुसरं काही दिलं नाही. तुम्हीही देऊ नका.

गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत ‘हिमाद्री’ या स्वालबार्डमधल्या भारतीय संशोधन तळावर जाणाऱ्यांसाठी एक सूचना: तो तळ ज्या गावात आहे त्या नी-ऑलेसुनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. ब्लूटूथवर चालणारे लॉगर तिथे नेऊ नका, केबलवाले न्या.

शेवटच्या दिवशी सरकलेला सेन्सर बदलून माळ पुन्हा नळीत सोडली. जुना सेन्सर फेकला नाही, नव्याशी ताडून पाहायला सोबत आणला आहे. टोपण घट्ट केलं, रबरी वायसर नवा घातला. ते टोपण 13 च्या पान्याने उघडतं. पाना पेटीतच, उजव्या कोपऱ्यात कापडात गुंडाळून ठेवला आहे.