गाडीचा टेप, खिशातला प्लेअर आणि मधली हातभर वायर

गोव्यातून चोर्ला घाट चढायला लागलं की मोबाइलचं नेटवर्क तुटत-जुळत राहतं. मोलेच्या जंगलातून अनमोडकडे जाताना तेच. अशा रस्त्यावर गाणी आपल्याजवळ असलेली बरी, म्हणून जुना आयपॉड किंवा मेमरी कार्डावर चालणारा छोटा प्लेअर अजून कितीतरी गाड्यांत दिसतो. मे 2022 मध्ये ॲपलने आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं, पण ज्यांच्याकडचे चालू आहेत ते मजेत चालवतात. तक्रार एकच असते: हेडफोनवर सुरेख वाजणारं गाणं गाडीत दबकं, खरखरीत किंवा शिट्टी मिसळलेलं का येतं?

बहुतेक वेळा दोष प्लेअरचा नसतो आणि टेपचाही नसतो. तो दोघांच्या मधल्या वायरीत, तिच्या पिनेत नाहीतर चार्जरमध्ये असतो. नवा स्टिरिओ बघायला म्हापशाला किंवा मडगावला जायच्या आधी अर्धा तास काढून एवढं तपासाच.

आधी ऑक्स, म्हणजे बाहेरचं गाणं टेपमध्ये घ्यायचं तोंड, शोधा. टेपच्या तोंडावर, गिअरच्या पुढच्या खणात, हातमोजे ठेवायच्या कप्प्यात किंवा दोन सीटांमधल्या डब्यात 3.5 मिलिमीटरचं गोल भोक असतं. बाहेरून बसवलेल्या टेपला तोंडावर नसलं, तर पाठीमागे लाल-पांढरे आरसीए सॉकेट असू शकतात. लाल उजवा, पांढरा डावा. ते सापडले, तर 3.5 मिलिमीटर ते दोन आरसीए अशी वायर डॅशबोर्डमागून पुढे ओढून घ्यायची. टेप बाहेर काढावा लागतो, म्हणून आधी बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह, तार सोडा. मात्र टेपला सुरक्षा कोड असेल, तर तो हाताशी असल्याशिवाय तार सोडू नका. वीज गेली की टेप कोड मागतो. मागच्या तारांत पिवळी कायमची वीज, लाल चावीबरोबर येणारी, काळी अर्थ, म्हणजे अर्थिंगची. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या स्पीकरच्या जोड्या. बाहेरच्या बहुतेक टेपांत हेच रंग असतात, पण गाडीबरोबर आलेल्या वायरिंगचे रंग कंपनीगणिक बदलतात. तिथे मल्टिमीटर लावूनच खात्री करा.

आता पीन. प्लेअरसाठी लागते ती तीन भागांची, म्हणजे दोन काळ्या कड्यांची: टोक डावा आवाज, मधला भाग उजवा, बूड अर्थ. फोनच्या हेडसेटची वायर चार भागांची, तीन कड्यांची असते, कारण तिच्यात माइकही असतो. घरात पडलेली तीच वायर ऑक्सला लावली, तर काही सॉकेटांत अर्थ नीट टेकत नाही आणि मग ऐकू येतो एक चमत्कारिक प्रकार: गायक गायब, आणि पेटी-तबला विहिरीतून आल्यासारखा पोकळ. अर्थ तुटल्यामुळे दोन्ही स्पीकरांपर्यंत डाव्या-उजव्या आवाजांतला फरकच तेवढा पोचतो. गायकाचा आवाज मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा भरलेला असतो, तो वजा होऊन जातो. केसरबाई केरकरांच्या जुन्या 78 गतीच्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी लावली, तर जवळजवळ काहीच उरत नाही, कारण ती मुळात मोनो. असं झालं, तर आधी पीन पूर्ण आत गेली आहे का ते बघा. मोबाइलच्या जाड कव्हरमुळे जशी ती अर्धा मिलिमीटर बाहेर राहते, तशीच प्लेअरच्या रबरी कव्हरमुळेही राहते.

पिनेवर आपल्याकडे आणखी एक आफत येते. मिरामार, कळंगुट, बायणा अशा किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने आणि पावसाळ्याच्या दमटपणाने सॉकेटमधला पत्रा काळवंडतो, आणि स्वस्त पिनेचा मुलामा गेला की खालच्या पितळेवर हिरवट थर चढतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: पीन बोटाने फिरवली की एका बाजूचा आवाज येतो-जातो. पीन दहा-बारा वेळा आत-बाहेर केली, तर थर खरवडला जाऊन तात्पुरतं काम भागतं. नीट करायचं, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल पिनेवरच लावा, सॉकेटमध्ये चार वेळा फिरवा आणि दहा मिनिटं सुकू द्या. हे टेप बंद ठेवून करायचं. सॉकेटमध्ये थेट फवारा मारू नका. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल तर अजिबात नको, त्यावर धूळ बसून चिखल होतो.

आवाजाची पातळी लावण्यात सगळ्यात जास्त लोक चुकतात. प्लेअरचा आवाज अर्ध्यावर आणि टेपचा पूर्ण, असं ठेवलं की टेप गाण्याबरोबर स्वतःची आणि वायरीची खरखरही मोठी करतो. प्लेअर शंभर टक्क्यांवर नेला, तर त्याचा हेडफोनचा ॲम्प्लिफायर किंवा ऑक्सचं इनपुट फाटायला लागतं; तारसप्तकातला स्वर आणि झांजा सगळ्यात आधी चिरतात. म्हणून प्लेअर 75 ते 80 टक्क्यांवर, त्याचा इक्वलायझर बंद, आणि पुढची घट-वाढ फक्त टेपच्या बटणावर. रेडिओवरून ऑक्सवर आल्यावर आवाज साधारण तेवढाच राहिला, तर जुळलं म्हणायचं. टेपच्या सेटिंगमध्ये ऑक्सची पातळी वेगळी असेल, तर ती तिथेच उचला.

रुंद, 30 पिनांचं तोंड असलेल्या जुन्या आयपॉडला याहून चांगली वाट आहे. त्या तोंडावर लाइन-आउट मिळतो. तो हेडफोनचा ॲम्प्लिफायर आणि आवाजाचं बटण दोन्ही टाळून ठरलेल्या पातळीचा सिग्नल देतो. लाइन-आउटची वायर मिळाली, तर जरूर घ्या, फरक पहिल्याच तानेला कळतो. एक खुबी लक्षात असू द्या. जुन्या गाड्यांच्या काही डॉक वायरी, म्हणजे याच तोंडात बसणाऱ्या वायरी, फायरवायर या जुन्या जोडणीच्या 12 व्होल्टवर आयपॉड चार्ज करत. पुढच्या मॉडेलांनी, चौथ्या पिढीच्या आयपॉड नॅनोपासून, ती सोय काढली आणि फक्त यूएसबीचे 5 व्होल्ट ठेवले. त्यामुळे त्या वायरीवर नवा आयपॉड वाजतो पण चार्ज होत नाही. बिघाड कशातच नसतो.

आता शिट्टी. ती ओळखायची रीत अशी: प्लेअरवर पॉज दाबा, टेपचा आवाज नेहमीच्या पातळीवर राहू द्या, इंजिन सुरू करा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर हलका दाबा. इंजिनाबरोबर शिट्टी वर चढली आणि सोडल्यावर खाली आली, तर तिचं मूळ अल्टरनेटरमध्ये. अल्टरनेटरची वीज पूर्ण सपाट नसते, तिच्यात बारीक लाटा असतात आणि इंजिन जोरात फिरलं की त्या जलद होतात. बँडच्या गाण्यात हे झाकून जातं. पण अभिषेकीबुवांचा विलंबित ख्याल लावा, तानपुऱ्याच्या षड्जाशेजारी गाडीचा दुसराच सूर उभा राहतो, तोही गिअर बदलला की सरकणारा. ऐकवत नाही.

हे गाण्यात शिरतं कसं? प्लेअर लायटरच्या सॉकेटमधल्या चार्जरवर असतो आणि त्याच वेळी ऑक्सच्या वायरीने टेपला जोडलेला असतो. म्हणजे प्लेअरच्या अर्थला बॅटरीकडे परतायला दोन वाटा झाल्या: एक चार्जरमधून, दुसरी ऑक्सच्या वायरीच्या जाळीतून टेपमार्गे. गाडीच्या पत्र्यावर या दोन ठिकाणांचा अर्थ तंतोतंत सारखा नसतो, काही मिलिव्होल्टचा फरक असतोच. त्या फरकाने जाळीतून वीज वाहते, आणि टेप तिलाच गाणं समजून मोठी करतो.

म्हणून पहिला उपाय फुकटचा: चार्जर काढा. शिट्टी गेली, तर रोग कळला. पणजीहून चोर्लामार्गे बेळगावला जायला प्लेअर घरून पूर्ण चार्ज करून नेला की पुरतो, वाटेत चार्जर लागत नाही. चवथीला लांबच्या गावाला जायचं आणि चार्जर हवाच असेल, तर दुसरा लावून बघा. स्वस्त चार्जर स्वतःचीही बारीक किरकिर घालतात, आणि ती इंजिनाबरोबर बदलत नाही. तरीही शिट्टी राहिली, तर ग्राउंड लूप आयसोलेटर घ्या. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी असते, आत एकास एक प्रमाणाचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. ती ऑक्सच्या वायरीत मध्ये लावायची, तिला वेगळी वीज लागत नाही. गाणं चुंबकातून पलीकडे जातं, अर्थची वाट तुटते. अगदी स्वस्त डबीत ट्रान्सफॉर्मरचा गाभा इतका लहान असतो की तबल्याच्या बायाचा घुमारा पातळ होतो. इथे थोडे जास्त पैसे घाला.

ऑक्सची वायर पूर्ण काढल्यावरही शिट्टी येत असेल, तर डबीचा उपयोग नाही. टेपचा स्वतःचा अर्थ ढिला आहे. इंजिन आणि टेप चालू ठेवून मल्टिमीटरची एक सुई टेपच्या पत्र्याला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर काळी तार जिथे बॉडीला बसवली आहे तो बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हा बोल्ट गंजलेला सापडणं नेहमीचं आहे.

ऑक्सच नसेल आणि कॅसेटचा टेप असेल, तर कॅसेट ॲडॉप्टरला नाक मुरडू नका. त्याच्यात फीत नसते. असतं ते एक छोटं चुंबकी हेड, जे टेपच्या हेडला समोरासमोर टेकून गाणं थेट देतं. फीतच नाही, म्हणून फितीचं डगमगणंही नाही. ॲडॉप्टर सारखा बाजू बदलत राहिला, तर आतली चाकं अडकली आहेत: टेपला वाटतं कॅसेट संपली, म्हणून तो उलटतो. चाकं मोकळी करा किंवा कॅसेट दुसऱ्या बाजूने घालून बघा. टेपवरची डॉल्बी, म्हणजे फितीची खरखर दाबायची सोय, बंद ठेवा, नाहीतर आवाज दबका होतो. टेपचं हेड अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, वर्षानुवर्षांची तपकिरी भुकटी निघेल.

एफएम ट्रान्समीटर हा शेवटचा पर्याय. एफएमवर वरचा आवाज 15 किलोहर्ट्झला थांबतो आणि वरून स्थानकांशी स्पर्धा. गोव्यात 91.9, 92.7, 98.3 आणि आकाशवाणीचं 105.4 यांच्या आजूबाजूला जाऊ नका. प्रथम ट्रान्समीटर बंद ठेवून 87.5 ते 88.5 च्या दरम्यान निव्वळ फसफस येते ती जागा शोधा आणि मगच तिथे लावा. सिंधुदुर्गात किंवा बेळगावकडे उतरलात की पुन्हा शोधावी लागेल. बऱ्याच ट्रान्समीटरांत ऑक्सची वायर हीच एरियल असते, तिची गुंडाळी करू नका. गाडीची एरियल खाली सरकवता येत असेल, तर सरकवा. दूरची स्थानकं मंदावतात, जवळचा ट्रान्समीटर वरचढ होतो. टेपमध्ये मोनोची सोय असेल, तर लावा, फसफस स्पष्ट कमी होते. अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेला ट्रान्समीटर आपल्या टेपवर थोडा कर्कश वाजतो, कारण तिथे वरचे स्वर जास्त उचलून पाठवायची पद्धत आहे. टेपचा ट्रेबल दोन घरं खाली आणा.

ऑक्सला लावायचा ब्लूटूथ रिसीव्हर ठीक आहे. पण तो लायटर सॉकेटवर चालला, तर शिट्टी तीच आणि उपायही तेच.

यूएसबीचं तोंड असेल, तर प्लेअरपेक्षा पेनड्राइव्ह सोपा. फॅट32 मध्ये फॉरमॅट करा, जुने टेप एक्सफॅट वाचत नाहीत. प्लेअरच जोडायचा, तर त्याच्या सेटिंगमध्ये मास स्टोरेज निवडा. एमटीपीवर असला, तर टेपला तो दिसतच नाही. जुन्या टेपला फ्लॅक प्रकारची फाइल कळत नाही, एमपी3 च द्या. देवनागरीतली नावं चौकोन होऊन दिसतात, म्हणून फाइलचं नाव 001, 002 असं आकड्याने सुरू करून पुढे रोमन लिपीत लिहा. काही टेप नावाच्या क्रमाने नाही, कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतात. नाटकाच्या पदांचा क्रम बिघडू द्यायचा नसेल, तर पेनड्राइव्ह रिकामा करून फाइल एकामागून एक त्याच क्रमाने घाला.

एप्रिल-मे महिन्यात समुद्रावर गाडी लावून जाताना प्लेअर डॅशबोर्डवर ठेवू नका. काच बंद गाडीत उन्हाने लिथियमची बॅटरी फुगते. आयपॉडची मागची पाठ किंवा पडदा किंचित वर आलेला दिसला, तर तो चार्जला लावू नका, आधी बॅटरी बदलून घ्या. पावसाळ्यात एसीतून काढलेला गार प्लेअर दमट हवेत नेल्यावर त्यावर दव धरतं, विशेषतः हार्ड डिस्कवाल्या जुन्या आयपॉडवर. तो पंधरा मिनिटं बंद राहू द्या, मगच चालू करा.