आमची वाटचाल : स्टेटच्या कुलपाची राखण

पुण्यात दोघांनी मिळून टेराफॉर्मची (क्लाउडवरचे सर्व्हर वगैरे कोडमधून उभं करणारं साधन) कामं घ्यायला लागलो तेव्हापासूनची आमची मांडणी ठरलेली. स्टेट, म्हणजे काय काय उभं केलं त्याची टेराफॉर्मची नोंदवही, एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउडवर एस-थ्री साठ्याच्या बकेटमध्ये, बकेटवर व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या राखणं) चालू, एका वेळी एकानेच स्टेट लिहावी म्हणून लावायच्या कुलपासाठी डायनॅमोडीबी डेटाबेसचं टेबल, त्याची पार्टिशन की 'लॉकआयडी'. त्यावर कामं वर्षानुवर्षं सुरळीत चालली.

सांगायचं आहे ते २०२१चं. आमचे पहिले ग्राहक इचलकरंजीचे सूतव्यापारी. त्यांच्याकडे दुसऱ्या एका फर्मचा माणूस आला. कुलूप आडवं आलं म्हणून त्याने लॅपटॉपवरून '-लॉक=फॉल्स' (कुलूप न लावता) देऊन अप्लाय मारला, म्हणजे बदल थेट क्लाउडवर उतरवले. त्याच वेळी आमच्या पाइपलाइनचाही (टेराफॉर्म आपोआप चालवणारी यंत्रणा) अप्लाय चालू होता. दोघांनी वाचलेली स्टेटची फाइल सिरियल (बदलागणिक वाढणारा क्रमांक) २१२ची. शेवटी लिहिणाऱ्याची फाइल टिकली. पाइपलाइनने उभी केलेली ११ रिसोर्सेस (सर्व्हर, रोल वगैरे) एडब्ल्यूएसवर जिवंत, स्टेटमध्ये मात्र बेपत्ता. तशातच पुन्हा अप्लाय झाला असता तर ठरलेल्या नावाचे रोल (परवानग्या देणारी ओळख) 'आधीच आहे' म्हणून अडले असते, पण सर्व्हर दुसऱ्यांदा उभे राहून बिल चढलं असतं. खापर आमच्या मांडणीवर फुटलं. ते अजून सलतं.

आधी पाइपलाइन बंद केली. 'स्टेट पुल'ने चालू फाइल बाजूला ठेवली, बकेटमधून आधीच्या आवृत्त्या उतरवल्या, लिनिएज (स्टेट कुठल्या मूळची ते सांगणारी खूण) एकच आहे हे ताडून पाहिलं. जुनी आवृत्ती 'पुश' करण्याचा, म्हणजे बकेटमध्ये परत चढवण्याचा, मोह टाळला. सिरियल मागे असेल तर टेराफॉर्म नकार देतं, आणि '-फोर्स' दिला असता तर लॅपटॉपवरचे बदल स्टेटमधून पुसले गेले असते. म्हणून चालू फाइलच धरली आणि ११ रिसोर्सेस एकेक करून 'इम्पोर्ट' केली, म्हणजे स्टेटमध्ये नोंदवून घेतली. आयडी पाइपलाइनच्या आवृत्तीत मिळाले. प्लॅन (काय बदल होणार ते आधी दाखवणारी कमांड) 'नो चेंजेस' म्हणाला तेव्हा उजाडलं होतं. शेठ रात्रभर फोनवर होते. आजही त्यांचं काम आमच्याकडेच आहे.

नव्या मंडळींना सांगतो, कुलूप अडलं की एररमधलं 'हू' आणि 'क्रिएटेड' (कुलूप कोणी आणि कधी लावलं) वाचा, त्या माणसाला फोन करा, ती प्रोसेस खरंच मेली आहे ना ते बघा, मगच 'फोर्स-अनलॉक'ने कुलूप जबरीने काढा. नुसती वाट पाहायची असेल तर '-लॉक-टाइमआउट=५एम' (पाच मिनिटं) पुरतं. 'एरर्ड.टीएफस्टेट' ही फाइल दिसली तर कचरा समजून पुसू नका. बकेटमध्ये न पोचलेली स्टेट तिच्यात असते.

टेराफॉर्म १.१० पासून एस-थ्रीमध्येच 'यूज_लॉकफाइल' या सेटिंगने कुलूप लागतं आणि १.११ पासून डायनॅमोडीबीचा मार्ग मोडीत निघतोय. तरी सगळ्या मशीनवर नवी आवृत्ती येईपर्यंत दोन्ही कुलपं एकत्र चालू ठेवा. जुन्या आवृत्तीला बकेटमधलं कुलूप दिसत नाही.