पासपोर्टवर कुठलं नाव घालायचं?

आजरा तालुक्यातल्या आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा हे रोजचंच काम. पासपोर्टचा अर्ज पूर्वी कधीतरी एखादा यायचा, तोही आखातात कामाला निघालेल्या पोराचा. आता पन्नाशी-साठीच्या बायका येऊ लागल्यात. लेक-जावई परदेशात, लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं आणि आईला बोलावणं. आज या बायकांविषयीच लिहायचंय, कारण त्यांचा अर्ज जिथं अडतो ते कुणी आधी सांगत नाही.

पैशाला अडत नाही. 36 पानी साध्या पासपोर्टची फी 1500 रुपये, साठीच्या पुढं नवा पासपोर्ट काढला तर त्यात दहा टक्के सूट. अंतरालाही आता फारसं अडत नाही. 2017 साली कोल्हापुरात पोस्टातलं पासपोर्ट केंद्र सुरू झालं, त्याआधी पुणं गाठावं लागायचं. आमच्याकडून कोल्हापूर 80-85 किलोमीटर. सकाळची एसटी धरली की रात्रीच्या जेवणाला माणूस घरी. अडतं ते नावाला.

आमच्या आळीतल्या आक्कांचं उदाहरण सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, नावं तेवढी बदललीत. आक्कांचं माहेर भुदरगड तालुक्यात. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या, तेव्हा त्या हौसा होत्या. लग्नात नाव बदललं आणि सासरी शोभा झाल्या. रेशनकार्ड, मतदान ओळखपत्र, आधार, बचत गटाचं बँक पासबुक, सगळीकडं शोभा. जन्मतारखेचा खरा पुरावा म्हणून एकच कागद, शाळेचा दाखला, आणि त्यावर हौसा, पुढं वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर तिऱ्हाइताला या दोन वेगळ्या बायका वाटाव्यात.

जन्मतारीख 1 जून. आमच्या पिढीच्या आधीच्यांपैकी कितीतरी जणांची तीच असते. पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि 1 जून लिहायचे. आक्कांना ती तारीख तोंडपाठ होती, म्हणून आधार काढतानाही त्यांनी तीच सांगितली आणि एक संकट टळलं. ज्यांनी नुसतं वय सांगितलं त्यांच्या आधारवर 1 जानेवारी पडलीय. अशांनी पासपोर्टच्या आधी तारखेचं काम हातात घ्यावं, कारण आधारवरची जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते.

आक्कांच्या भाच्यानं कुणा एजंटाला विचारलं होतं. त्याचा सल्ला असा की आधारवरून पॅन काढा, पॅन लावा, दाखला दाखवूच नका. पॅन जन्मतारखेला चालतं हे खरं आहे. पण अर्जात स्पष्ट प्रश्न आहे, तुमचं नाव कधी बदललंय का? दुसऱ्या कुठल्या नावानं तुम्हाला ओळखतात का? तिथं ‘नाही’ लिहून खाली सही करायची म्हणजे खोटं लिहून द्यायचं. पासपोर्ट कायदा 1967 चा, त्याच्या कलम 12 प्रमाणे खोटी माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती दडवणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एजंट पैसे घेऊन मोकळा होतो, सही आक्कांची असते. मी ते काम करणार नाही म्हणून सांगितलं. बाईनं आयुष्यभर काही लपवलेलं नाही, तिला साठीला आल्यावर लपवायला का लावायचं?

आक्कांचं स्वतःचं म्हणणं निराळंच होतं. “पोरी, आता एवढं सगळं काढायलाच लागलीयास तर हौसाच घाल की. आई-बानं ठेवल्यालं नाव हाय.” मी गप्प झाले. तसं करता आलं असतं, कायद्याची काही आडकाठी नव्हती. पण लेकीच्या पासपोर्टवर आईचं नाव शोभा आहे. व्हिसाला लेक जे बोलावण्याचं पत्र देणार त्यातही तेच येणार. हौसा घातलं तर आधी सगळे सासरचे कागद बदलायचे आणि मग लेकीचाही पासपोर्ट बदलायचा. बाळंतपण तेवढं थांबणार नव्हतं. हे सगळं समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग ऱ्हाऊ दे. पण हौसा कुठंतरी लिव्ह.”

ते लिहिण्याची सोय राजपत्रात आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातला बदल जाहीर करता येतो. अर्ज ऑनलाइन होतो, जुन्या नावाचा पुरावा, नव्या नावाचा पुरावा, फोटो आणि फी. छापून आलं की त्यात जुनं नाव आणि नवं नाव एकाखाली एक असतात आणि कारणाच्या जागी लग्न. दाखला आणि आधार यांना जोडणारा हाच कागद. आक्कांनी त्याची प्रत लॅमिनेशन करून घेतली. मूळ कागदांचं लॅमिनेशन मी करू देत नाही, पण ही जास्तीची प्रत होती.

मग अर्ज भरायला बसलो. सरकारी साइटचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’नं संपतो, एवढं बघूनच पैसे भरा. तशाच दिसणाऱ्या खोट्या साइट आहेत आणि त्या जास्त पैसे उकळतात. अर्जात एक रकाना शरीरावरच्या ठळक खुणेचा. मी विचारलं तसा आक्कांनी उजवा हात पुढं केला. मनगटाच्या वर तुळशीवृंदावन गोंदलेलं, खाली चार ठिपके, एक ठिपका पुसट झालेला. लहानपणी माहेरच्या दारात बसून गोंदवून घेतलेलं. मी खूण म्हणून तेच लिहिलं.

कोल्हापूरला मीच सोबत गेले. टोकन घेतलं, कागद स्कॅन झाले, फोटो झाला आणि बोटांच्या ठशांना खोळंबा झाला. आक्का बरीच वर्षं काजूच्या कारखान्यात सोलायला जातात. टरफलातलं तेल कातडी खातं. त्यांच्या अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची टोकं काळी आणि गुळगुळीत झालीत, रेषा शोधाव्या लागतात. मशीनवरच्या मुलीनं घाई केली नाही. हात धुवून यायला सांगितलं, कोरडे पुसले, एकेक बोट स्वतः धरून दाबलं आणि ठसे आले. तिचे आभार इथंही मानते. आमच्या भागातल्या ज्या बायका काजूत काम करतात त्यांनी जायच्या आधी चार दिवस सुट्टी घ्यावी आणि रात्री बोटांना खोबरेल लावावं, मी आता सगळ्यांना हेच सांगते. पुढच्या टेबलावरच्या अधिकाऱ्यांनी दाखला, राजपत्र, आधार असे क्रमानं पाहिले, एकच प्रश्न विचारला, माहेर कुठलं, आणि पुढं पाठवलं.

पोलीस चौकशीला हवालदार घरी आले. शेजारच्या दोघांची नावं घेतली, पोलीस पाटील होतेच. या चौकशीचे अर्जदारानं वेगळे पैसे द्यायचे नसतात, चहा द्यावा, तो कुणी घरी आलं तरी आपण देतोच. त्यानंतर पासपोर्ट स्पीड पोस्टानं आला आणि पोस्टमननं तो आक्कांच्याच हातात दिला.

आखाताला निघालेल्या पोरांसाठी थोडक्यात. दहावी पास असाल तर ते प्रमाणपत्र अर्जाला जोडाच. नाही जोडलं तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी लागेल असा, शिक्का येतो आणि सौदी, कुवेत, कतार, ओमान धरून 18 देशांत कामाला जाताना वेगळी परवानगी काढावी लागते. पन्नाशीच्या पुढच्यांना हा शिक्का नसतो. आणि ज्यांचा पासपोर्ट जुना झालाय त्यांनी मुदत संपायची वाट बघू नये, नूतनीकरण वर्षभर आधी करता येतं. मुदत सहा महिन्यांहून कमी उरली तर बरेच देश आत घेत नाहीत.

आक्कांचं बघून आळीतल्या आणखी बायका पिशवीतून कागद घेऊन यायला लागल्यात. बहुतेकींकडं माहेरच्या शाळेचा दाखलाच नाही. तो मिळतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव असलं तर मुख्याध्यापक निर्गम उतारा देतात, पण आपण शाळेत कुठल्या साली होतो ते अंदाजानं तरी सांगायला हवं, नाहीतर रजिस्टरची पानं उलटत बसावं लागतं. बायांनो, दिवाळीला माहेरी जाल तेव्हा शाळेला सुट्टी असते. पंचमीला जाल तेव्हा एक दिवस जास्त राहा आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला शाळेत जा. सोबत भावाला किंवा गावातल्या कुणा जुन्या माणसाला न्या, तुमचं लग्नाआधीचं नाव त्यांच्या लक्षात असेल.