आईची काळी साडी आणि लाल ढग

आज दिवसभर परभणीच्या घरी पुतणीसोबत शिलाई मशीनवर बसले होते. तिला 'नारुतो' या जपानी चित्रकथेतल्या अकात्सुकी टोळीचा काळा झगा हवा होता. विकतचा नको म्हणाली, "आत्या, आपणच शिवू की!" मग आईची जुनी काळी साडी काढली, आतून लाल अस्तर लावलं. खरी कसोटी होती ढगांची. लाल ढग आणि भोवती पांढरी किनार. वहीच्या पुठ्ठ्याचा साचा करून तिने ढग कापले, किनारीला साडीच्या फॉलची पट्टी घेतली. वळणावर पट्टी चुरगळायला लागली, तर पोरीने कडेला बारीक बारीक काप दिले अन् ती अलगद बसली. हे तिला कुणीच शिकवलेलं नाही!

आई दारातून म्हणाली, "काय करायलीत गं, बहुरूपी?" किती नेमका शब्द!

मासाशी किशिमोतोंनी १९९९ साली सुरू केलेली ही चित्रकथा २०१४ मध्ये संपली, तेव्हा ही बाई बालवाडीतही नव्हती. पण त्यातली गावं, घराणी तोंडपाठ.

संध्याकाळी झगा घालून गच्चीवर उभी राहिली. वाऱ्याने तो फुगला अन् आतलं लाल अस्तर दिसलं. शेजारची दोन पोरं उद्या माप द्यायला येणार आहेत.