मृदंगाची सम आणि आठशे मार्कर

मंडळी, चतुर्थीच्या आत वाडीतल्या भजनाचा अक्षर-व्हिडिओ पुरा करतो असं मागे लिहिलं होतं. तो काही झालेला नाही. कुडाळात पावसाने वीज दिवसातून चारदा जाते, त्यात रेंडर, म्हणजे पुरा व्हिडिओ बाहेर काढणं, कसला लावणार? पण मार्करचं, म्हणजे टाइमलाइनवर ठोक्याच्या जागी लावायच्या खुणांचं, दुखणं मात्र बऱ्यापैकी मार्गी लागलंय, म्हणून आज तेवढंच.

आमच्या मंडळाचं ६ मिनिटं ४० सेकंदांचं भजन देवळाच्या सभामंडपात मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. मात्रेगणिक अभंगाचा शब्द उठला पाहिजे. पहिला प्रयत्न जुन्या पद्धतीने केला : आफ्टर इफेक्ट्स या अक्षरं हलवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ लावायचा, त्याचा लेअर (थर) निवडायचा आणि प्रत्येक मात्रेला नमपॅडवरचा तारा दाबून मार्कर लावत जायचं. मात्रा होतात आठशेच्या आसपास. दोनशेपर्यंत पोचलो आणि पाहतो तर माझं बोट दोन-तीन फ्रेम मागे. शेवटी गजरात लय चढली तशी बोटाने मानच टाकली.

मग टर्मिनलमध्ये चालणारा एआय एजंट कामाला लावला. त्याने पायथनच्या लिब्रोसा या आवाज तपासणाऱ्या लायब्ररीने ठोके शोधले, वेळा जेसन या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये टाकल्या आणि त्या वाचून मार्कर लावणारी स्क्रिप्ट लिहिली. ती पहिल्याच फटक्याला आपटली. आफ्टर इफेक्ट्सची एक्स्टेंडस्क्रिप्ट म्हणजे जुनी जावास्क्रिप्ट. बाणाचं फंक्शन, फॉरईच असली नवी रूपं तिला कळत नाहीत, लेअरची मोजणी शून्यापासून नव्हे तर एकपासून. एजंटला हे सगळं सुरुवातीलाच एका टिपणात लिहून द्या, दोन संध्याकाळी वाचतील. त्याच टिपणात फाइल वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवायलाही सांगा, नाहीतर 'सम' (तालाची पहिली मात्रा) हे नाव चिन्हांचा चिखल होऊन मार्करवर बसतं.

स्क्रिप्ट चालली तरी मार्कर भलतीकडेच. लिब्रोसाचं ठोके शोधणारं फंक्शन १२० च्या आसपासची लय गृहीत धरून निघतं आणि अख्ख्या ट्रॅकला एकच लय लावू पाहतं. आपलं भजन सुरू होतं संथ आणि संपतं धावत. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनी सामना, ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय झांजेचा प्रत्येक खणखणाट त्याला ठोकाच वाटत होता.

म्हणून लय शोधणं बंद केलं आणि नुसते आघात मागितले, तेही २०० हर्ट्झच्या खालचे. झांज तिथे जवळजवळ नसतेच. उरते ती मृदंगाची डावी, कणीक लावलेली बाजू, तिचा घुमारा. आवाजाच्या ५१२ नमुन्यांच्या टप्प्याने वेळेची बारकाई साधारण २३ मिलिसेकंद मिळते. माझी फ्रेम २५ च्या दराने ४० मिलिसेकंदांची, म्हणजे पुरेसं झालं. मात्र वेळ फ्रेमला गोल करूनच मार्कर लावायचा, नाहीतर तो दोन फ्रेमच्या मधे लटकतो.

आता मार्कर बरोबर ठोक्यावर बसले. खूश होऊन मंडळाच्या मृदंगवाल्या काकांना दाखवलं. मी प्रत्येक समेला शब्द मोठा केला होता. काकांनी एक आवर्तन ऐकलं आणि म्हणाले, "झिला, ही सम न्हय. ही खाली."

बरोबर होतं त्यांचं. भजनी ठेक्याचं आवर्तन आठ मात्रांचं, सम पहिलीवर, खाली (बिनजोराची मात्रा) पाचवीवर. माझं रेकॉर्डिंग मधूनच सुरू होतं आणि एजंटने सापडला तो पहिला ठोका 'एक' धरून मोजायला घेतलं होतं. त्याला मात्रा मोजता येते, सम कळत नाही. मला तरी कुठे कळली होती म्हणा.

त्यानंतर ठरवलेली पद्धत अशी : काकांच्या शेजारी बसून सम फक्त दर चौथ्या आवर्तनाला हाताने लावायची. दोन समांमधल्या अंतराचे एजंट ३२ भाग करतो आणि प्रत्येक भाग जवळच्या आघातावर नेऊन बसवतो. आघात जवळपास नसेल तर भाग आहे तिथेच राहतो. गजरात लय फार पळते, तिथे दर आवर्तनाला सम लावली. मार्कर कॉम्पवर (अख्ख्या व्हिडिओच्या टाइमलाइनवर) नव्हे, ऑडिओच्या लेअरवर. ऑडिओ सरकवला की तेही सोबत सरकतात.

एक घोटाळाही सांगून टाकतो. नवीन मार्कर लावण्याआधी जुने पुसायला सांगितलं, तर त्याने माझे हाताने लावलेलेही पुसले. नशीब, सगळं एकाच अनडू-गटात होतं, एका कंट्रोल-झेडने परत आले. आता हाताच्या मार्करच्या नावाआधी 'ह' आणि यंत्राच्या आधी 'य'. स्क्रिप्टने फक्त 'य' पुसायचे, तेही शेवटाकडून, कारण एक काढला की पुढच्यांचे क्रमांक बदलतात.

शब्दाच्या उसळीचं एक्स्प्रेशन (हालचाल ठरवणारं सूत्र) लिहिताना जवळचा मार्कर विचारणाऱ्या फंक्शनवर विसंबू नका. ते पुढचा मार्करही जवळचा म्हणून देतं आणि शब्द ठोक्याआधीच उडी मारतो. मिळालेल्या मार्करची वेळ आत्ताच्या वेळेपुढे असेल तर एक पाऊल मागचा घ्या.

काल रात्री वीज होती तेवढ्यात शेवटची चार मिनिटं पाहिली. काका मांडीवर ताल धरून बघत होते, काही बोलले नाहीत. गजरात एका ठिकाणी त्यांचा हात थबकला. तिथे सम एक फ्रेम मागे होती. सरकवली : 'ह-३१'.